दादाचा शेजारी

प्रिय छकुले,

दादाला पुरून आलो. तू आली नाहीस, बरं केलंस. येऊन तुला काय दिसलं असतं, तर काळ्या कपड्यांत घामाघूम झालेली माणसं आणि त्यांच्या मधोमध एक चकचकीत पेटी. तुझं न येणं मात्र सगळ्यांच्या लक्षात आलं. उपासनेच्या मध्येच मागच्या बाकावर कुजबुज सुरू झाली की धाकटी नाही आली वाटतं, एवढा काय मेला राग, माणूस गेल्यावर तरी सोडून द्यावं. मी वळून बघितलं तेव्हा दोन बायका एकदम गीतांच्या पुस्तकात तोंड खुपसून बसल्या. गीत संपून बराच वेळ झाला होता, पाळकबाई वचन वाचत होत्या. अशा माणसांनी तुला क्षमेचे धडे द्यायचे, म्हणजे बघ.

आता नीट बस आणि वाच. दादाला कुठे ठेवलाय ते तुला अजून कुणी सांगितलेलं नसणार. दादा भिंतीबाहेर आहे. हो, त्याच भिंतीच्या. आणि त्याच्या डाव्या हाताला, मधे एक माणूस जेमतेम चालेल एवढी वाट सोडून, तुझं बाळ आहे. हे मी आधीच लिहून टाकते, कारण पुढचं पत्र तू रागाने फाडलंस तरी एवढं तुला कळायलाच हवं.

हे घडलं ते दादाच्याच कर्तृत्वामुळे. कबरस्तान भरलंय हे तुला ठाऊक नसेल. आपण लहानपणी आईबाबांच्या मागे फुलं घेऊन जायचो तेव्हा मागचा अर्धा भाग नुसतं गवत होता; आता तिथे पाय ठेवायचा तर कुणाच्या तरी छातीवर पडतो. दादाला वहिनीच्या कबरीत जागा हवी होती. वहिनीला जाऊन चार वर्षं झाली. आणि एकदा बुजवलेली कबर चौदा वर्षं उघडायची नाही, असा आपल्या दफनभूमीचा नियम आहे. हा नियम कुणी केला? चिटणीस साहेबांनी. म्हणजे आपल्या बंधुराजांनी. बेकरीवाला म्हातारा बायकोशेजारी जागा मागायला आला होता, अगदी हात जोडून, तेव्हा याने त्याला पुढच्या फाटकाजवळची जागा दाखवली आणि वर सांगितलं, की शेवटच्या दिवशी सगळे एकदमच उठणार आहेत, मधल्या काळात थोडं लांब राहिलात तर काय बिघडलं. म्हाताऱ्याच्या तोंडावर सांगितलं हे. मोजणी खात्यात आयुष्य गेल्यावर माणसाला माणूससुद्धा लांबी रुंदीतच दिसत असावा.

तर युवराज कमिटीसमोर उभे राहिले. युवराज म्हणजे दादाचा मुलगा, मी त्याला मनातल्या मनात तेच म्हणते. बापाचा तोरा घेतलाय पण बापाची मेहनत घेतलेली नाही. त्याने आधी विनवण्या केल्या, मग आवाज चढवला, मग बापाने या जागेसाठी किती खस्ता खाल्ल्या त्याचा पाढा वाचला. कमिटीवर सगळे दादाच्याच हाताखाली तयार झालेले. त्यांनी डोळे पुसले, त्याचा हात हातात घेतला, आणि नाही म्हणाले. साहेबांनीच शिकवलंय, एकाला सूट दिली की सगळे रांग लावतात. मी कोपऱ्यात बसले होते. रुमाल तोंडावर धरून खोकल्याचं सोंग केलं म्हणून निभावलं, नाहीतर सख्ख्या भावाच्या मयतीच्या बैठकीत हसले म्हणून मलाच मंडळीतून काढलं असतं.

मग उरली ती नवी पट्टी. रंगाऱ्याच्या गोदामाची मागची जमीन मंडळीने घेतली, जुनी भिंत पाडली आणि गोदामाला लागून नवी बांधली. दोन महिन्यांपूर्वी भिंत पडताना दादा काठी टेकून बघत उभा होता. मीही होते. एवढी वर्षं ज्यांना आत घ्यायचं नाही म्हणून ती भिंत राखली, ते सगळे एका दुपारीत आत आले. कुणाला काही करावंच लागलं नाही. चार मजूर आले, घण घातले, विटा उचलल्या, संपलं. पट्टीतली पहिली जागा आपलीच निघणार आहे हे दादाला तेव्हा कळलं असतं तर त्याने स्वतः विटा उचलून परत रचल्या असत्या.

अंत्यविधीचा तमाशा सांगते, कारण तुला हसू येईल आणि तुझं हसू मी फार वर्षांत ऐकलेलं नाही. आधी दादाचे जावई. त्यांचं म्हणणं दहन करावं. स्वच्छ, सुटसुटीत, जागेचा प्रश्नच मिटतो, रक्षा एका सुबक भांड्यात घालून प्रार्थनामंदिराच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवावी. म्हणजे माणूस मेला नाही, घरातली अडगळ आवरायला काढली. यावर त्यांच्या बायकोने हंबरडा फोडला, की शरीरच जाळलं तर शेवटच्या दिवशी पप्पा उठतील कशाने. जावयांनी शांतपणे विचारलं, समुद्रात बुडून माशांनी खाल्लेले कशाने उठतात. ती म्हणाली, ते देवाचं काम आहे. हे म्हणाले, मग रक्षेचंही त्याच्यावरच सोपव. खरं सांगू, त्या घरात बोललेलं तेवढंच एक शहाणं वाक्य, आणि तेही बोललं कोण, तर सासऱ्याच्या खर्चाने तीन दिवस राहून उशी कडक आहे म्हणून कुरकुरणारा माणूस.

युवराजांना ना माती कळत होती ना आग, त्यांना दिसत होते फक्त लोक. पेटीला पितळी कड्या हव्यात, चेहऱ्यावर काच हवी, आत साटीन हवं. अस्तर अर्थातच माझ्याकडे आलं. पेटीवाला दुसऱ्या कुणाला देत नाही. तू मला हसशील, पण गावातल्या निम्म्या मेलेल्यांच्या पाठीखाली माझी टीप आहे. तर हा पठ्ठ्या माझ्या दुकानात आला, साटीनचे तुकडे बापाच्या फोटोशेजारी धरून बघायला लागला आणि मला विचारतो, आत्या, मोतिया जास्त खुलेल का गं? मी म्हटलं, खुलेल की, पण कुणाला, ते आधी ठरव. त्याला कळलं नाही. मोतियाच शिवलं. दादाने स्वतः काय सांगून ठेवलं होतं माहीत आहे? साध्या फळ्यांची पेटी, फुलं नकोत, भाषणं नकोत, नंतर चहासुद्धा नको. दुसऱ्यांच्या मयतीत एवढं लुडबुडणाऱ्या माणसाची स्वतःची एक इच्छा कुणी पाळली नाही. पुष्पचक्रं इतकी आली की त्यांना वेगळी गाडी करावी लागली.

माझं मत विचारशील तर मला माती काय आणि आग काय, दोन्ही सारखंच. मी इतक्या पेट्या आतून पाहिल्यात की बाहेरच्या कड्यांचं मला काही वाटत नाही. मला तिटकारा आहे तो दुसऱ्याच्या मेलेल्याबद्दल छातीठोक बोलणाऱ्यांचा. स्वर्गाच्या दारावर यांची नेमणूक झाल्यासारखे, कोण आत, कोण बाहेर. आणि त्या सगळ्यांचा मुकुटमणी आपल्या घरात जन्मला.

छकुले, मी तुझ्यापाशी त्या दिवसाबद्दल कधी बोलले नाही. तुझ्या घरी आले की आपण हवापाण्याचं बोलतो, भावजींच्या गुडघ्याचं बोलतो, आणि मी गाडीत बसेपर्यंत तो विषय न काढता राहते. आज बोलणार आहे. बाळ पहाटे झालं आणि दुपारी गेलं. तुझी भूल उतरायची होती, भावजी औषधाच्या दुकानात धावत होते. मी खोलीच्या दारात उभी होते. ती उंच नर्स, कपाळावर तीळ असलेली, तिने बाळाचा रंग बघितला, पेल्यातलं पाणी बोटांवर घेतलं, त्याच्या कपाळावर तीनदा लावलं आणि म्हणायचं ते सगळं नीट म्हणाली, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. मी माझ्या या कानांनी ऐकलं. संध्याकाळी मी हे दादाला सांगितलं, पाळकसाहेब परगावी होते म्हणून निर्णय त्याच्याकडे होता. त्याने पहिला प्रश्न काय विचारला? बाळ कसं होतं हे नाही. छकुली कशी आहे हे नाही. त्याने विचारलं, नर्सने नाव उच्चारलं का? मी म्हटलं, ती 'या बाळाला' म्हणाली, तिला नाव कुठून माहीत असणार. यावर तो म्हणाला, मग तो बाप्तिस्मा धरता येत नाही, आणि बाप्तिस्मा नाही तर जागा भिंतीबाहेर. चष्मा पुसत म्हणाला. जसं कुणाच्या तरी शेताची हद्द चुकीची आखली गेली होती आणि याने ती वेळेवर पकडली.

तू शुद्धीवर आल्यावर मी तुला विचारलं की नाव काही ठरवलं होतंस का, असलं तर सांग, मी पुन्हा भांडते. तू भिंतीकडे तोंड करून म्हणालीस, ठरवलंय. पण ज्याने विचारायला हवं होतं त्याने विचारलं नाही, आता मी कुणालाच सांगणार नाही. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. जे नाव ऐकायला या माणसांना तोंड उघडून विचारता आलं नाही, ते त्यांच्या हातात नियम मोडायची चावी म्हणून का द्यायचं?

भावजींनी खोकं आणलं, मी त्याला आतून पांढरं सुती कापड लावलं. तोवर मी फक्त पडदे आणि शाळेचे गणवेश शिवत होते. माझं पहिलं अस्तर तुझ्या बाळाचं. पेटीवाल्याने ते पाहिलं, शिवण हातावर घासून बघितली, आणि पुढच्या महिन्यापासून मला काम द्यायला लागला. माझं सगळं दुकान त्या एका खोक्यावर उभं आहे, हे तुला मी कसं सांगणार होते? भिंतीबाहेर, गोदामाच्या गटारापाशी, जिथे ती बुडून जीव दिलेली, प्रार्थनामंदिरात बाजा वाजवणारी बाई होती आणि स्टेशनवर सापडलेला कुणी परका होता, तिथे भावजींनी आणि मी त्याला ठेवलं. दादा आला होता, तू हे ऐकलेलं नाहीस. आला आणि भिंतीच्या आतल्या बाजूने उभा राहिला. त्याची टोपी मला भिंतीवरून दिसत होती. माती टाकायला तो बाहेर आला नाही. त्या टोपीचा मला जेवढा राग आला तेवढा त्याच्या नियमाचाही आला नाही.

त्यानंतर दर वर्षी ईस्टरला, पुनरुत्थानाच्या सकाळी, आईबाबांना फुलं वाहून झाली की मी काही फुलं मुठीत राखून ठेवायचे आणि गोदामाच्या बाजूने वळसा घालून जायचे. एक चपटा दगड ठेवला होता, त्याला चुना लावायचे. दादाने एकदा मला पाहिलं. फुलं जिवंतांसाठी असतात, मेल्यांना त्यांचा उपयोग नाही, असं म्हणाला. मी म्हटलं, तुझाही काही उपयोग नाही, तरी आम्ही तुला रोज बघतोच. त्यानंतर वर्षभर आम्ही बोललो नाही. फार चांगलं वर्ष गेलं.

आता दफनाचं राहिलं. तुला आठवतं ना, दादा प्रत्येक मयतीला खिशातून होकायंत्र काढायचा? पाय पूर्वेकडे, म्हणजे शेवटच्या दिवशी कर्णा वाजला की मेलेला उठून सरळ उगवत्या प्रकाशाकडे तोंड करून उभा राहील. एकदा पेटी बोटभर तिरकी गेली म्हणून याने रडणाऱ्या घरच्यांना बाजूला करून ती पुन्हा वर घ्यायला लावली होती. पण नवी पट्टी गटाराला धरून तिरपी आहे, तिथे पूर्व पश्चिम बसतच नाही. युवराजांनी भर विधीत फोन काढून दिशा बघितली, काळवंडले, आणि फोन खिशात टाकला. म्हणजे शेवटच्या दिवशी आपला दादा उठेल तो थेट रंगाऱ्याच्या गोदामाकडे बघत. आणि तुझं बाळ, जे आम्ही काहीही न मोजता, रडत रडत, हाताला येईल तसं ठेवलं, त्याचे पाय ठीक पूर्वेला आहेत. मी नंतर युवराजांच्या फोनवरच बघून घेतलं.

पाळकबाई नव्या आहेत, बाई पाळक नको म्हणून दादाने ज्यांच्याविरुद्ध सह्या गोळा केल्या होत्या त्याच. त्यांनीच त्याला मूठमाती दिली. मातीला माती म्हणताना त्यांचा आवाज भरून आला. मला त्यांचा थोडा रागच आला, इतकं चांगलं असायचं काही कारण नव्हतं. विधी झाल्यावर मी त्यांना त्या नर्सची आणि पाण्याची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, पाणी लागलं, वचन उच्चारलं, झाला बाप्तिस्मा. नावावाचून अडत नाही. देवाला ओळख करून द्यावी लागत नाही. छकुले, एवढंच होतं. एवढं एक वाक्य. ज्या नियमाच्या जोरावर त्याने तुझं बाळ गटारापाशी ठेवायला लावलं तो नियम नव्हताच मुळी. मोजणीत आयुष्य घालवलेल्या माणसाने हे एक मोजताना चूक केली आणि आपण सगळे त्या चुकीला शास्त्र समजून मान खाली घालून उभे राहिलो.

एक गोष्ट लपवत नाही. शेवटच्या आठवड्यात मी त्याला पेज भरवत होते. त्याने चमचा हाताने बाजूला केला आणि मला विचारलं, तिच्या त्याचं नाव काय होतं? मी म्हटलं, मला ठाऊक नाही. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. तो छताकडे बघत राहिला आणि मग डोळ्यांतून पाणी आलं, ते त्याने पुसलं नाही, मीही पुसलं नाही. मला दया आली असं लिहिलं तर खोटं होईल. माझ्या मनात आलं की विचारलंस का शेवटी, पण चुकीच्या बहिणीला. तो उत्तर न मिळताच गेला.

आणि आता हा लेक. युवराजांना बापाभोवती संगमरवरी चौथरा हवाय, भोवती रेलिंग, पुढे बसायला बाक. डाव्या बाजूला जागा कमी पडतेय. काल दुकानात आला, माझ्या कात्रीशी खेळत म्हणाला, आत्या, तो छोटा दगड जरा सरकवला तर? तसं तिथे कुणाचं नाव नाही. मी कात्री त्याच्या हातातून काढून घेतली. त्याला जे बोलले ते कागदावर लिहिण्यासारखं नाही, शेजारचा चांभार काम टाकून दारात येऊन उभा राहिला एवढं सांगते. पण कमिटीकडे गेले तर तिथे दादाच मला आडवा आला, मेल्यावरही. त्याचाच नियम: नाव नसलेली जागा रिकामी धरावी. पाळकबाई माझ्या बाजूने आहेत, पण त्यांचं एकटीचं चालत नाही. त्यांनी एक मार्ग काढलाय. पुढच्या रविवारी पट्टी आशीर्वादित करायची आहे. तिथे आधीपासून असलेल्यांची नावं त्या मोठ्याने वाचणार, आणि ज्याचं नाव वाचलं गेलं त्याच्या जागेला पुढे कुणी हात लावायचा नाही, हे कमिटीने कबूल केलंय. बाजावाल्या बाईंचं नाव त्यांच्या जुन्या शिष्याने येऊन सांगितलं. त्या परक्याला 'प्रवासी' म्हणणार आहेत. तुझ्या बाळाला काय म्हणायचं, असं त्यांनी मला विचारलं. 'अमक्यांचं अर्भक' म्हणता येईल, असं कमिटीतल्या एकाने सुचवलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने सूचना गिळली.

म्हणून हे पत्र. दादाची बातमी द्यायला नाही, त्याची हजामत करायलाही नाही, ती तर जाता जाता झाली. रविवारी मी तिथे सगळ्यांच्या पुढे उभी राहणार आहे, युवराजांच्या अगदी शेजारी, आणि पाळकबाई माझ्याकडे बघतील तेव्हा माझ्या तोंडात काहीतरी असायला हवं. ज्याने विचारायला हवं होतं त्याने फार उशिरा विचारलं, आणि तेही तुला नाही. मी तर तुझ्या उशाशी बसून विचारलं होतं, पण भांडणाला हत्यार म्हणून विचारलं होतं. आज तसं विचारत नाही. तू ये. येऊन तू स्वतः म्हण, सगळ्यांसमोर, दादाच्या त्या मोतिया साटीनच्या अगदी बाजूला उभी राहून, इतक्या मोठ्याने की त्यालाही खाली ऐकू जावं. आणि यायचं नसेल, पाय उचलत नसेल, तर दुसरं काही लिहू नकोस, माझ्या पत्राचं उत्तरही देऊ नकोस, एका कागदावर फक्त तेवढाच एक शब्द लिहून पाठव. इतक्या वर्षांत मी त्याला चुना लावला, फुलं वाहिली, त्याचं अंथरूण शिवलं, पण हाक मारायला माझ्याकडे काही नव्हतं. सांग ना गं, काय नाव ठेवलं होतंस त्याचं?

तुझीच ताई,
आणि त्याची मावशी